मुकी बास गिटार आणि दसऱ्याची अक्षता

आमच्या तळेगावच्या सोसायटीत आजही असे सांगितले जाते की, दसऱ्याच्या दिवशी सुनेची बास गिटार मुकी झाली ती माझ्या पूजेमुळे, आणि पुन्हा बोलू लागली ती शेजारच्या इंजिनिअरसाहेबांच्या सल्ल्यामुळे. दोन्ही विधाने साफ खोटी आहेत. गिटार त्या वेळी माझ्या मांडीवर होती. त्यामुळे साक्ष माझीच ग्राह्य धरावी.

लोणावळ्याच्या घाटात रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात माझी सारी नोकरी झाली. दसऱ्याला पक्कड, पाने, मीटर यांची पूजा झाल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नसू. निवृत्तीनंतरही तो रिवाज मी घरात चालू ठेवला आहे. त्या सकाळी हत्यारे पाटावर मांडली, तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या माझ्या सुनेने आपली चार तारांची गिटार त्यांच्या शेजारी आडवी ठेवली. हळदकुंकू सर्वांनी वाहिले, अक्षताही सर्वांनी टाकल्या. ‘सर्वांनी’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

संध्याकाळी सोसायटीच्या मंचावर तिच्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम होता. दुपारी तिने केबल जोडली, तार छेडली, आणि अँप्लिफायरमधून चकार शब्द उमटला नाही. अँप्लिफायर गेला, असा निकाल माझ्या मुलाने उभ्या उभ्या दिला. आपट्याची पाने द्यायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांना बॅटरी संपल्याची खात्री होती. या गिटारला बॅटरीच नसते, हे सुनेने सांगितल्यावर त्यांनी तितक्याच खात्रीने स्पीकर जाळून टाकला.

“आबा,” सून हळूच म्हणाली, “ही वाजली नाही तर माझ्याऐवजी मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावतील, आणि मी समोर खुर्चीत बसेन.”

वर्षभर शाळेच्या वह्या आणि घरचा स्वयंपाक सांभाळून तिने बोटांना घट्टे पाडून घेतले होते. ती खुर्चीत बसणार? माझ्या अंगात घाटातला जुना जोर संचारला.

बिघाड शोधायचा तर एका टोकापासून निघावे आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी. मी केबलचे गिटारकडचे टोक उपसले, आवाज कमी केला आणि टोकाला बोट लावले. स्पीकरने खणखणीत घूं केले! म्हणजे अँप्लिफायर जिवंत, स्पीकर जिवंत, केबलही जिवंत. दोन निकाल एका बोटाने रद्द झाले. चोर गिटारमध्येच होता.

“आबा, जपून हं, हा सिग्नल नव्हे,” इंजिनिअरसाहेब म्हणाले.

“सिग्नल असता तर तुम्हाला फाटकाबाहेर उभे केले असते.”

गिटारवरची आवाजाची बटणे पूर्ण उघडीच होती. मी केबलच्या टोकाची पिन पुन्हा गिटारमध्ये खोचली, आणि बोटांना जाणवले की शेवटचा ‘कट्’ होत नाही. पिनेचा गळा केसभर बाहेर राहत होता. या गिटारची पिन खोचायची खोबण बटणांच्या शेजारी, वरच्या अंगाला असते; आडवी ठेवली की तोंड आभाळाकडे. मी टॉर्च मारला. तळाशी कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा ऐटीत बसला होता.

गिटार उलटी करून थोपटली, तरी ओल्या कुंकवाने चिकटलेला दाणा सुटेना. शेवटी गोधडीच्या सुईने तो कडेकडेने सोडवला. पिन कोरड्या फडक्याने पुसून दोन-चारदा आतबाहेर केली. कट्! सुनेने सर्वांत जाड तार छेडली आणि फरशी माझ्या तळपायाखाली थरथरली, ओट्यावरची भांडी किणकिणली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

दाणा माझ्या मुठीतला होता, याला पुरावा काय? पाटाभोवती पाच माणसे होती. आणि “पिन नीट बसली नसेल” असे आपण आधीच म्हटल्याचा साहेबांचा दावा तर त्यांना दुसऱ्या दिवशीच्या चहाच्या वेळी सुचला.

संध्याकाळी ती मंचावर उभी राहिली. पहिल्या गाण्यात साहेब माझ्या कानाशी कुजबुजले की, सूनबाईंचे वाद्य काही वेगळे ऐकू येत नाही. मी त्यांचा हात धरून पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिथे प्रत्येक सूर धडधडत होता. गाणे संपेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.