दुसऱ्याची कॅसेट

ऐंशीच्या दशकात नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयाने वर्गणी काढून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेतला. त्यावर गेम कॅसेटवरून चढवायचा. दुकानदाराने बजावलं होतं, कॅसेट कंपनीचीच आणि टेपरेकॉर्डरही कंपनीचाच वापरा, नाहीतर गॅरंटी गेली. ही सरळ दादागिरी होती! मी मित्राकडून बाहेरची कॅसेट आणली, तर आमचे सेक्रेटरीच आडवे आले. आणि कंपनीचा टेप परवडत नव्हता, साधा कुणी देईना.

आमचं भांडण ऐकून एक बाई दारात थांबली. कुही गावाहून लग्नाला आलेली, काखेत टेपरेकॉर्डर, त्यात लग्नाची गाणी भरलेली.

"मशीन तुमची, मंग कोणती कॅसेट लावाची हे दुकानदार काहून सांगून राहिला गा?"

तिने आपली कॅसेट काढून पदरात बांधली. आमच्या कॅसेटची सैल फीत करंगळीने ताणून बसवली, मी टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि तिने बटण दाबलं. गेम चढताना होतो तसा टेप कर्कश किंचाळू लागला. सेक्रेटरी आवाज कमी करायला धावले, तर बाईने त्यांच्या हातावर चापट मारली.

"राहू द्या ना भाऊ! पोरगी सासरी निघाली का माही आत्या अशीच रडते. तिले कोणी थांबवते का?"

किंचाळी संपली आणि पडद्यावर चौकोनी रॉकेट उभं राहिलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

पुढे मक्तेदारीविरुद्ध मी पुष्कळ पत्रकं लिहिली, सगळी संतापून. हसत हसत मोडलेली मक्तेदारी तेवढी एकच पाहिली. बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, कारण ती केव्हाच कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली होती.

"सरका गा, टेप माहा आहे. पयले मी खेळीन."