अव्वाची घागर उपडी झाली तो दिवस

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात पाणी किती कमी होतं हे मी सांगायला लागलो की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तो आधी खोकायचा, मग शिंकायचा, मग अर्धा तास विचार करायचा आणि करंगळीएवढी धार सोडायचा. चिमण्या आमच्या बादल्यांत डोकावायच्या आणि मागून येणाऱ्या चिमण्यांना सांगायच्या, ‘चला पुढं, हितं काय न्हाय.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्या गल्लीत मी नवा होतो. मूळचा करमाळ्याकडचा, नोकरी गिरणीच्या हापिसात. खोली मिळेपर्यंत म्हणून सासुरवाडीत उतरलो होतो. ते ‘मिळेपर्यंत’ पुढं चार वर्षं चाललं. सासूबाई दुधनीच्या. घरात कानडी, दारात मराठी आणि नळावर जी लागेल ती भाषा. आवाज असा, की त्या नळावर भांडायला लागल्या की तिकडं लांब जेऊर स्टेशनात गाडी थांबते, असं गल्लीत म्हणत.

सासूबाईंच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. मठाच्या स्वामींची पाद्यपूजा आपल्या घरी व्हावी. स्वामींना खुर्चीवर बसवायचं, परातीत त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. गल्लीतल्या आमच्या समाजाच्या सगळ्या घरांत ती होऊन गेली होती. आमच्याकडंच दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी सुतक, कधी सोयरिक, एकदा तर ऐन वेळी म्हैस व्याली. अशी अकरा वर्षं गेली आणि शेवटी नंबर लागला तो या दुष्काळात!

सासूबाई डगमगल्या नाहीत. रोज दोन-दोन तांबे बाजूला काढून त्यांनी आठ दिवसांत तांब्याची घागर काठोकाठ भरली. ते आठ दिवस मी ओल्या फडक्यानं अंघोळ केली. जावई म्हणून फडकं मात्र नवं दिलं होतं.

स्वामी सकाळी आले, अनवाणी, चालत. मागं टाळ, पुढं मठाचे कारभारी. नळाशी येऊन मिरवणूक थांबली, कारण वाटेत एक म्हातारी घागर भरून उभी होती. तेलुगू विणकरांच्या घरची, विड्या वळून पोट भरणारी. गुडघा सुजलेला. आमच्या समोरच राहायची, पण नंबरावरून सासूबाईंनी एकदा तिची घागर मागं सरकवली होती, तेव्हापासून दोघींचा अबोला. तोही असा गाजलेला अबोला, की दोघी एकमेकींना न बोलता रोज ऐकवायच्या.

स्वामी वाकले आणि म्हणाले, ‘‘अव्वा, इकडं द्या.’’

आता कानडीत अव्वा म्हणजे आई आणि तेलुगूत अव्वा म्हणजे आजी. म्हातारी फणकारली.

‘‘अव्वा कुनाला रे? दाडी बघ की तुजी, कापूस झालाय! मी अव्वा तर तू ताता!’’

ताता म्हणजे आजोबा. टाळ बंद पडले. कारभाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. स्वामी मात्र असे हसले की रुद्राक्षांची माळ पोटावर नाचायला लागली, आणि हसता हसताच त्यांनी घागर खांद्यावर चढवली.

मग काय गोंधळ! एक जण रस्त्यात आडवा पडून लोटांगण घालायला लागला. एक निवृत्त मास्तर ‘‘जगद्गुरूनं पाणी वाहायचं? बुडालं, सगळं बुडालं!’’ म्हणून रडायला लागले. चौघांनी चार बाजूंनी घागरीला हात घातला, त्यात चतकोर पाणी सांडलं. स्वामी म्हणाले, ‘‘बाबांनो, ओझं नका घेऊ, वाट तेवढी द्या.’’ घागर त्यांनी म्हातारीच्या चुलीशी नेऊन ठेवली, खांदा पुसला आणि ते समोर आमच्या घराकडं वळले.

स्वामींची पाठ फिरली मात्र, कुणीतरी ओरडलं, ‘‘अरे, स्वामींनी वाहिलेलं पाणी! तीर्थ हाय ते, तीर्थ!’’ गल्ली म्हातारीच्या दारात शिरली. वाट्या, पळ्या, फुलपात्री, एक जण तर औषधाची बाटली धुऊन घेऊन आला. धुवायला पाणी त्याला कुठनं मिळालं, देव जाणे. पहिली वाटी कुणाची बुडाली हे मी तेव्हाही सांगितलं नाही. मला अजून त्या घरात राहायचं होतं.

इकडं स्वामी खुर्चीवर बसले, पाय परातीत. सासूबाईंनी तांब्याच्या घागरीला हात लावला, तेवढ्यात दारात लंगडत म्हातारी आली. तिनं आपली घागर परातीसमोर उपडी करून आपटली. ठण्ण! एक थेंब पडला नाही.

‘‘बघ! तुज्या लोकानी सगळा पिला. मी भात कशात शिजवू, तुज्या टोपीत?’’

स्वामी उठायला लागले. ‘‘मी पुन्हा आणतो, चला.’’

‘‘नको, नको!’’ म्हातारीनं दोन्ही हात आडवे केले. ‘‘तू आनला की परत तीर्थ. मला तीर्थ नको. मला नीळ्ळु पायजे, नुसता नीळ्ळु!’’ नीळ्ळु म्हणजे पाणी.

आणि तसंही नळ केव्हाच गेला होता. आता उद्या सकाळीच.

स्वामी परत बसले. उजव्या खांद्याकडं त्यांनी असं पाहिलं, जसं काही त्याचाच अपराध होता. मग सासूबाईंना विचारलं, ‘‘बाई, तुम्ही दिलेलं पाणी कुणी तीर्थ म्हणून पिईल का हो?’’

‘‘माझ्या हातचं?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘अप्पाव्रु, माझ्या हातचा चहा आमचं जावई नाक धरून पितेत!’’

हे खोटं आहे. मी नाक धरत नसे. श्वास रोखत असे.

एवढं बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. सासूबाई तांब्याच्या घागरीकडं बघत राहिल्या. आठ दिवस होते त्या घागरीत, आणि अकरा वर्षं. बायको माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की वळ संध्याकाळी गेले.

मग सासूबाईंनी पदर खोचला, म्हातारीची घागर सुलटी केली आणि ओतायला लागल्या. निम्मी ओतून थांबतील असं मला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. शेवटी घागर हलवून हलवून ओतली.

‘‘घे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे कोन न्हाय पीत.’’

म्हातारीनं घागरीत डोकावून पाहिलं. सासूबाईंकडं पाहिलं. मग परातीतल्या कोरड्या पायांकडं पाहिलं. आमच्याच चौरंगावरचा तांब्या तिनं उचलला, आपल्या घागरीत बुडवला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

‘‘दोन पायाला एवढा पुरे,’’ ती म्हणाली. ‘‘बाकी भाताला.’’

त्या एका तांब्यात पाद्यपूजा झाली. पाणी ओतताना सासूबाई अशा रडत होत्या की परातीतले निम्मे थेंब त्यांच्या डोळ्यांतले असावेत. तीर्थाला गल्ली पुन्हा वाट्या घेऊन आली, तर म्हातारी दोन्ही हातांनी आपली घागर कवटाळून उंबऱ्यात बसलेली. सासूबाईंनी पहिली पळी तिच्यापुढं धरली. तिनं थोडा विचार केला.

‘‘गुडग्याला चालतंय का?’’

‘‘चालतंय की,’’ स्वामीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळ खोकायला लागला तेव्हा सासूबाई रांगेत होत्या. म्हातारीची घागर भरली तशी त्यांनी ती स्वतःच्या कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, ‘‘चल, अव्वा.’’

‘‘अव्वा कुनाला गं?’’ म्हातारी म्हणाली.

त्यावर सासूबाई जे बोलल्या ते मी लिहू शकत नाही. एवढंच सांगतो, त्या सकाळी जेऊरला गाडी बराच वेळ थांबली असणार.