चार इंद्रियांचा जीव

मी वडूजची. आमच्याकडं राग आला की माणूस तोंडावर बोलतो, मागनं कुजबुजत नाही. सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा आईनं बजावलं होतं, "राजेश्वरी, तिथं जिभंला कुलूप लाव." लावलं. पण गुणमाला मॅडमच्या बाबतीत जे झालं ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

मॅडम आमच्याकडं भूगर्भशास्त्र शिकवायच्या. जैन घरातल्या. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकणार. आणि पिशवीत हातोडा! पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आवरेना. "दगड फोडते गं, डोकी नाही," म्हणाल्या. आवाज कायम खालच्या पट्टीत. त्यामुळं त्यांच्या वाटणीची भांडणं मीच करायचे.

दिवाळीच्या सुट्टीत त्या पोरं घेऊन कच्छला जायच्या. तिथल्या माळावर जुन्या समुद्राचा तळ उघडा पडलाय. डायनासोरच्या काळातले शंख-शिंपले तिथं दगड होऊन पडलेत. त्यातला अमोनाइट म्हणजे मॅडमचा जीव की प्राण. गोल, चकलीसारखा वेटोळा.

"एक चकली बघितली की सगळ्या बघितल्या," मी चिडवायचे.

"चल गं. इकडं ये, बघ." मग भिंग माझ्या हातात. कवचाच्या आत कप्पे असायचे. कप्प्याची भिंत कवचाला जिथं टेकते तिथं एक रेघ उमटते. तिला त्या शिवण म्हणायच्या. कुणाची शिवण साधी, कुणाची कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली. "वरचे कंगोरे फसवतात, राजेश्वरी. शिवण बघायची. कूळ तिच्यावरनं लागतं."

हे सगळं कॉलेजच्या काचेच्या कपाटात असायचं, कारण घरी सासूबाईंची बंदी. सासूबाई म्हणजे चंदनाबाई, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. मेलेल्या जिवांची कवचं घरात नकोत, हा त्यांचा कायदा. जैनांत जिवांची प्रतवारी इंद्रियांवरनं करतात. शंख-शिंपल्यातला जीव दोन इंद्रियांचा, स्पर्श आणि चव एवढंच कळणारा; डोळे येतात ते चौथ्या पायरीवर. एकदा अव्वांनी विचारलं, "हा तुझा वेटोळ्या, हाही दोनाचाच ना?"

"नाही अव्वा. हा माकूळ-ऑक्टोपसचा भाऊबंद. ह्याला डोळे असणार."

अव्वा जपमाळ थांबवून विचारात पडल्या. "मग चार धर. डोळे असलेल्याला दोनात कसं बसवायचं? पाप लागंल."

मॅडम दुसऱ्या दिवशी कॉलेजभर सांगत सुटल्या, "आमच्या अव्वांनी वर्गीकरण सुधारलं!"

त्या कपाटात एक तळहाताएवढा अमोनाइट होता. अंगभर सोनेरी कण. त्याची शिवण कुठल्याच पुस्तकातल्या शिवणीशी जुळेना. मॅडम वर्षानुवर्षं त्याच्या मागं लागल्या होत्या. शेवटी पुण्याचे तज्ज्ञही म्हणाले, ही नवीच प्रजाती. शोधणाऱ्याला नाव द्यायचा मान असतो. मॅडमनी अव्वांचं नाव द्यायचं ठरवलं. अव्वांना सांगितलं तर म्हातारी लाजून पदर तोंडाला लावून बसली. "माझं नाव? चार इंद्रियांच्या जिवाला?" पण नियम असा की अस्सल नमुना जपून ठेवलेला पाहिजे, तरच नाव लागतं. नमुना नाही तर नाव नाही. शेवटच्या वेटोळ्यावरची माती सुईनं काढायची आणि शिवण रेखाटून पाठवायची, एवढंच राहिलं होतं.

आणि तेवढ्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी आली. तात्यासाहेब. माणूस असा की स्वतःच्याच सत्काराची तयारी स्वतः बघायचा. पाहुण्यांना शाल-श्रीफळ सगळेच देतात, आपण काहीतरी वेगळं द्यायचं, हे डोक्यात. त्यांना मॅडमचं विज्ञान दिनाचं भाषण आठवलं. मॅडम म्हणाल्या होत्या की शाळिग्रामातसुद्धा अमोनाइटच असतो. ह्या शहाण्यानं ते उलटं धरलं: अमोनाइट म्हणजे शाळिग्राम! मॅडम पुण्याला गेलेल्या. कपाट उघडलं, दगड पुसले, खालचे नंबर खरवडून काढले आणि शाल, श्रीफळ, शाळिग्राम असे वाटून टाकले. व्वा रे अध्यक्ष! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

मॅडम परत आल्या तर कपाट रिकामं. त्या नुसत्या काचेला हात लावून उभ्या राहिल्या. मी तडक तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये घुसले, मॅडम मागनं.

"मॅडम, एवढं काय त्यात? दगडंच की ती. धूळ खात पडलेली," तात्यासाहेब हसत म्हणाले. "देवाचं रूप म्हणून लोकांच्या घरी गेली. पुण्य तुम्हालाच लागलं."

"न विचारता दुसऱ्याचं उचलून दिल्याचं पुण्य कुणाला लागतं हो?" मी म्हणाले.

"तू पुस्तकं सांभाळ." हसू गेलं त्यांचं.

बाकीचे दगड कच्छमध्ये पुन्हा मिळाले असते. तो सोनेरी एकच होता. कार्यक्रमाच्या फोटोत तो दिसला, विट्याच्या सयाजीरावांच्या हातात. विट्याची माणसं देशभर सोनं गाळण्याच्या धंद्यात, तसे हे कोइमतूरला. तुळशीच्या लग्नासाठी गावी आलेले. आम्ही एसटी धरली.

माणूस भला. "या, या बाई, बसा," म्हणत पाणी दिलं, चहा सांगितला. मग चांदीचं ताम्हन घेऊनच बाहेर आले. "लय जपून ठेवलाय बघा. तुळशीचं लगीन ह्याच्याशीच लावलं. पर आला तवा पार काळवंडल्याला. आन् अंगावर कण सोन्याचं! म्हणलं, देवाला उजळून काढावं. आमचा हातचा धंदा. तेजाबात घातला."

"तेजाबात," मॅडम म्हणाल्या.

"व्हय. लय फसफसला. मी भ्यालोच. सोनं काय निघालं न्हाई, पर कसा गुळगुळीत झालाय बघा!"

ताम्हनात कुंकू लावलेला एक गोटा होता. कंगोरे नाहीत, कप्पे नाहीत. मॅडमनी पिशवीतनं भिंग काढलं, गोटा उचलून सगळीकडनं फिरवून फिरवून बघितला. शिवणीचा एक टाकासुद्धा उरला नव्हता. चुन्याचा दगड, ॲसिडात राहतोय काय?

मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, रागाचा एक शब्द न काढता. सयाजीरावांचा चेहरा उतरला. "आवं बाई, देव म्हणून दिला की मला! न्हाईतर मी कशाला..." त्यांनी गोटा मॅडमच्या ओंजळीत ठेवला आणि हात जोडले. त्या माणसावर मला चिडताही येईना, आणि त्यानं माझा राग आणखीच वाढला.

तासगावच्या अलीकडंच दिवस मावळला. मॅडमचा डबा तसाच राहिला. घरी अव्वा दारात बसलेल्या, त्याही जेवल्या नव्हत्या. मॅडमनी गोटा समोर ठेवला. ज्या बाईनं जन्मभर असलं काही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिनं तो स्वतः उचलून मांडीवर घेतला.

"डोळे होते गं ह्याला," म्हणाल्या. स्वतःच्या नावाचं एका शब्दानंही काढलं नाही.

त्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात हार घालायला तात्यासाहेबच. शाल पांघरली, नारळ दिला, "मॅडमनी संस्थेसाठी दगडाचं सोनं केलं" असं माइकवर म्हणाले. ह्यांच्या जिभंला हाड नाही! मी खालून उठणारच होते, तेवढ्यात मॅडमनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, आता हातोडा निघतोय, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

त्यांनी गोटा काढला आणि तात्यासाहेबांच्या हातावर ठेवला.

"हे काय आहे, ओळखा बरं."

तात्यासाहेबांनी उलटसुलट करून बघितलं. माइक चालूच होता. "काय? दगड आहे."

"हो. आता दगडच आहे," मॅडम म्हणाल्या. त्या खालच्या पट्टीतला आवाज पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुम्ही वाटलात तेव्हा नव्हता."

शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ टेबलावर, आणि पायऱ्या उतरून सरळ माझ्याकडं आल्या. "चल राजेश्वरी, दिवस मावळायच्या आत घरी पोचू. अव्वा थांबल्यात." तात्यासाहेब तो गोटा हातात धरून तसेच उभे होते, आणि कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.