नियमात नाही, मामू

मामूंनी कधी कुणाला "काम झालं का?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारत, "काय अडलंय?" साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये सकाळी आठचा भोंगा झाला की एकेका फिटरपुढे जाऊन उभे राहत आणि एवढाच प्रश्न टाकत. "झालं का इचारलं की मानूस हो म्हनतो," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "काय अडलंय इचारलं की खरं बोलतो. त्याला वाटतं, ह्यो मदतीला आलाय." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारा गमतीचा आहे. पुढे हेच वाक्य मी पुण्या-मुंबईच्या थंडगार खोल्यांत, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवून, माझं म्हणून सांगत हिंडलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कुणाचा चांगला गैरसमज होणार नाही.

आमचा सहकारी कारखाना केजपासून जीपने पाऊण तासावर होता. मामू तिथे मिल हाऊसचे, म्हणजे रोलरांत ऊस पिळतात त्या विभागाचे, फोरमन. कारखान्याचं पहिलं मशीन बसलं तेव्हा ते खांद्यावर साखळदंड घेऊन आलेले, आणि मी आलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याहून व्यवस्थापनाचा डिप्लोमा घेऊन आलेला. चेअरमनसाहेबांना कारखाना आधुनिक करायचा होता, म्हणून मला प्रशिक्षण अधिकारी केलं. टेबल मिळालं, पंखा मिळाला, आणि दारावर नावाची पाटी लागली. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

ज्यांनी साखर कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाळप संपलं की उन्हाळ्यात सगळं यंत्र खोलायचं, घासायचं, दुरुस्त करायचं आणि दसऱ्याच्या सुमारास उसाची पहिली मोळी टाकायच्या आत पुन्हा जोडायचं. शेकडो कामं, आणि एक दुसऱ्यावर अडलेलं. मामूंनी त्यासाठी मिल हाऊसची एक भिंत चुन्यानं रंगवून घेतली होती. प्रत्येक कामाचा एक चौकोन कोळशानं काढलेला, आणि त्यात ते काम उघडणाऱ्याची खूण. कुणाचा विळा, कुणाचा बैल, कुणाचा चांद. ज्यानं उघडलं त्यानंच झाकायचं आणि स्वतःच्या हातानं खूण पुसायची. दुसऱ्याची खूण पुसणाऱ्यावर मामू दिवसभर बोलत नसत, आणि ही शिक्षा लोकांना भारी वाटे.

शिकवायची त्यांची तऱ्हा याहून वेगळी होती. कुठल्याही कामाला ते दोघं लावत, एक जाणता आणि एक नवखा. पण पाना नवख्याच्या हातात. जाणत्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं. नवखा चुकायला लागला की जाणत्याचे हात आपोआप पुढं येत, आणि मामू लांबून ओरडत, "हात मागं बे! तुला येतंय, म्हाईत हाय मला. त्याला कवा यायचं?" एका नटाला तास लागे. मी वहीत लिहिलं होतं, 'वेळेचा अपव्यय.' ती वही अजून माझ्याकडे आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. कारखान्याच्या कॉलनीला टँकरचं पाणी, तेही दिवसाआड. निम्मा ऊस उभ्या उभ्या वाळला आणि उरलेला चारा म्हणून छावण्यांच्या वाटेला लागला. मोळी वेळेवर पडली नाही तर गाळायला काही उरणार नव्हतं. मी पुण्यात शिकलो होतो तसा रंगीत पट्ट्यांचा भलामोठा तक्ता केला. दर सोमवारी बैठक. प्रत्येक विभागानं काम किती टक्के झालं ते सांगायचं, मी पट्टी रंगवायची. तीन आठवड्यांत सगळा कारखाना नव्वद टक्के झाला आणि तिथेच बसून राहिला. मला वाटलं, काय प्रगती आहे.

चौथ्या बैठकीला चेअरमनसाहेब आले होते. मामूंची पाळी आली तेव्हा ते उठून तक्त्यापाशी गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साब, रोलर येक तर बसलेला आसतो, न्हाई तर बसलेला नसतो. नव्वद टक्के बसलेला रोलर मी अजून पायला न्हाई. तक्ता लई देखना हाय तुमचा, पन ह्यात क्रेन कुठं हाय? क्रेनची चार कामं तुमी एकाच हप्त्यात काढली. क्रेन एकच हाय." चेअरमनसाहेब पोट हलेपर्यंत हसले आणि मला म्हणाले की मामूंची शिकवणी लावा. मग सगळेच हसले. मामू तेवढे हसले नाहीत. त्यांना क्रेनची काळजी होती. मीही हसलो, आणि महिनाभर ते विसरलो नाही.

त्याच महिन्यात कामगारांच्या कौशल्याची परीक्षा घ्यायची होती. कुशल, अर्धकुशल, हेल्पर अशा श्रेण्या लावायच्या आणि त्याप्रमाणे कामं वाटायची. योजना वाईट नव्हती. पुण्याहून आणलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं की ज्यांना लिहिता येत नाही त्यांची परीक्षा तोंडी आणि प्रत्यक्ष कामावर घ्यावी. मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मामू माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या खोलीचं दार लोटलं नसावं.

"साब, मला उर्दूची चार अक्षरं येत्यात. मराठी लिवता येत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तोंडी चालंल का? मशीनपाशी न्या, काय बी इचारा."

पुस्तिका टेबलावर उघडी होती. तेच पान. ती रेघ त्यांना दिसत होती, वरची ओळ वाचता येत नव्हती. मला फक्त मान हलवायची होती. पण मला बैठकीतलं हसणं ऐकू आलं.

"नियमात नाही, मामू," मी म्हणालो.

त्यांनी लोटलेलं दार पुन्हा उघडलं. मग उलट माझीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, "नियम हाय तर हाय, साब. तुमी कावून वाईट वाटून घेता?" माझा पडलेला चेहरा त्यांनी दयेचा समजला होता.

दुसऱ्या दिवशी ते पूर्ण वेळ बसले. शेजारच्यानं प्रश्न वाचून दाखवले आणि मामूंनी उत्तरादाखल चित्रं काढली. तिन्ही रोलर, त्यांच्यातली फट, तेल जायच्या वाटा, कुठला बोल्ट आधी आवळायचा त्याचे ठिपके. कारखान्याच्या नकाशातही इतकं नेटकं चित्र नव्हतं. प्रश्नपत्रिकेवर 'शब्दांत उत्तर लिहा' असं छापलं होतं, म्हणून मी शून्य दिलं. एमडींनी यादी पाहून चष्मा काढला आणि विचारलं की हे बरोबर आहे का. मी म्हटलं, एकाला सवलत दिली की पद्धत कोसळते. आज माझ्या हाताखालचं कुणी असं बोललं तर मी त्याला घरी पाठवीन.

मामू हेल्पर झाले आणि भंगाराच्या यार्डात गेले. मिल हाऊसची भिंत मी पुसून घेतली आणि तिथे माझा तक्ता लावला. मोळीला अठरा दिवस उरले असताना चारही कामं क्रेनपाशी येऊन थांबली. अगदी त्यांनी सांगितलं होतं तशी. दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. तिसऱ्या दिवशी यार्डात गेलो. मामू वाकडे बोल्ट सरळ करत बसले होते. मी माफी मागितली नाही, क्रेनचं विचारलं. ते लगेच उठले. मिल हाऊसमध्ये येऊन हात पाठीमागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मी हेल्पर हाय, साब. हात लावता येनार न्हाई. उभा राहून सांगतो." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो माणूस खरोखरच नियम पाळत होता. पंधरा दिवस ते तसे उभे होते, आणि त्यांनी तयार केलेली माणसं त्यांच्या शब्दावर यंत्र जोडत होती.

मोळी ठरल्या दिवशी पडली. माझ्या गळ्यात हार पडला. मी नियोजन, तक्ता, प्रशिक्षण यांवर दहा मिनिटं बोललो. मामू मागे यार्डातल्या लोकांत उभे होते. त्यांचं नाव ओठांवर आलं होतं, आणि माझ्याच हातानं त्यांना हेल्पर केल्यावर आता ते कुठल्या तोंडानं घ्यायचं म्हणून गिळलं. त्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

दोन हंगामांनी कारखाना बंद पडला. ऊसच नव्हता. मी पुण्याला गेलो, कंपन्यांना प्रशिक्षण देऊ लागलो, 'हात मागे' पद्धतीला एक भारदस्त नाव दिलं आणि त्यावर माझं बरं चाललं. बऱ्याच वर्षांनी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. वाटेत केजला उतरलो. माफी मागायचीच, असं ठरवून उतरलो होतो.

फळवाल्यांच्या गल्लीत मामूंचं घर सापडलं. नजर कमी झाली होती, पण आवाजावरून ओळखलं. सुनेला हाक मारून म्हणाले, "हे आपले साब. लई शिकलेले." सून अंगणवाडीत शिकवते. तिनं चहा आणला, आणि तो संपायच्या आत मामूंनी एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानंच्या पानं मराठीत भरलेली, आधी वेडीवाकडी, मग सरळ. रोलर. बेअरिंग. बोल्ट आधी डावीकडचा आवळावा. सुनेनं शिकवलं होतं. पाच वर्षं लागली म्हणे.

"नौकरी नगं मला," ते म्हणाले. "कारखाना बंद हाय, म्हाईत हाय. पन तुमी मोठ्या हुद्द्यावर हाव. त्यो पेपर एकडाव पुन्हा घ्या माझा. आता लिवता येतंय. सगळ्या गल्लीत मी फोरमन हाय आन निवृत्तीच्या दाखल्यावर हेल्पर हाय. सून त्यो कागद वाचती, तवा मला लाज वाटती, साब."

लाज त्यांना वाटत होती. मी वहीचं पुढचं पान उलटलं. एक वाक्य सांगायचं होतं, की तोंडी परीक्षा नियमात होती. ते सांगितलं असतं तर त्यांची पाच वर्षं कुठे गेली असती कोण जाणे, आणि मी कुठे गेलो असतो हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं. मामूंनी पुन्हा विचारलं, "कवा हाय परीक्षा?"

"कळवतो, मामू," मी म्हणालो. त्यांनी सुनेकडून माझा नंबर लिहून घेतला नाही. स्वतः लिहिला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.

आठ महिन्यांनी केजहून फोन आला. सून बोलत होती. अब्बा परवा गेले, म्हणाली. अशा वेळी जे बोलतात ते मी बोललो. फोन ठेवता ठेवता ती जरा घुटमळली आणि तिनं विचारलं, "सर, ती परीक्षेची तारीख आली होती का हो? शेवटपर्यंत विचारत होते."

"अजून नाही," मी म्हणालो. ती बरं म्हणाली.