कबड्डीच्या आत्याबाई

खान्देशात कबड्डी ज्या कोणाकोणामुळे टिकली असेल, त्यांत माझ्या बायकोच्या आत्याचा नंबर पहिला लावावा लागेल. आता तुम्हाला वाटेल, बाई मोठ्या खेळाडू असणार. छे. आयुष्यात एकदाही त्या चुन्याच्या रेषेच्या आत खेळायला गेल्या नाहीत. पंचांशी बोलायला म्हणून मात्र पुष्कळदा गेल्या. त्या नुसत्या बघायच्या. पण ते बघणं इतकं जोरकस असे की, त्यांच्या शेजारी बसलेला माणूस सामना संपल्यावर दोन्ही संघांपेक्षा जास्त दमून उठायचा. एकदा जामनेरच्या सामन्यात त्यांनी चढाई करणाऱ्या मुलीबरोबर स्वतःचाही दम धरला होता. मुलगी तीन गडी मारून परत आली तेव्हा तिला शाबासकी द्यायची सोडून लोक आत्याबाईंना वारा घालत होते.

धुळ्यात त्यांची पिठाची गिरणी होती. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा गिरणीचा पट्टा चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा हाच त्यांचा संसार. त्या खडखडाटात गिऱ्हाइकाशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की, गिरणी बंद असतानाही तो कमी व्हायचा नाही. मी मुलगी बघायला धुळ्याला गेलो, ते ऐंशीच्या आसपासचं साल असेल. बाकीच्या नातेवाइकांनी पगार विचारला, घर स्वतःचं का भाड्याचं ते विचारलं. आत्याबाईंनी, मी शाळेत कबड्डी खेळताना कोपरा सांभाळायचो की चढाई करायचो, ते विचारलं. मी म्हणालो, मी कॅरम खेळायचो. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे बघून मला वाटलं, लग्न मोडलं. मग त्यांनीच सगळ्यांची समजूत घातली, की मुलगा पाटबंधारे खात्यात कायम आहे आणि अंगापिंडानं बरा आहे, बाकीचं शिकवता येईल.

आणि शिकवलं त्यांनी. जळगावात सामने असले की त्या आमच्याकडे मेहरूणला उतरायच्या. येताना पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि मैदानावर अंथरायला गिरणीतलं एक गोणपाट. त्या दिवशी धुळ्यात गिरणीला कुलूप. त्यांच्या गल्लीतल्या बायकांना स्पर्धेचं वेळापत्रक वर्तमानपत्रात बघावं लागत नसे. घरोघर खिचडी शिजायला लागली की कुठेतरी कबड्डी चालू आहे हे पोराटोरांनाही कळायचं. तर आमच्याकडे आल्यावर जेवणं झाली की आत्याबाई मला घोट्याची पकड समजावून सांगायच्या. तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा साठीकडे झुकलेली ती बाई पदर खोचून खाली बसली, मला म्हणाली, ‘या जवाईबापू, या पुढे,’ आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मी पाण्याच्या बादलीपाशी सापडलो. बायको हसता हसता भिंतीला टेकली होती आणि आत्याबाई माझा घोटा न सोडताच तिला सांगत होत्या, की पाहिलंस, यांनी हात आधी पुढे करायला हवा होता.

माझ्याशी बोलताना त्या शहरी मराठी बोलायच्या, जावयाचा मान म्हणून. पण मन ढवळून निघालं की अहिराणीवर यायच्या, आणि मैदानावर त्यांचं मन सतत ढवळलेलंच असे. शिवी मात्र त्यांनी कधी दिली नाही. एका पंचाचा निर्णय त्यांना पटला नाही, तेव्हा त्या शांतपणे उठल्या, आत गेल्या, आणि त्याला म्हणाल्या, ‘भाऊ, सकायपासून काही खादं का नही?’ तो बिचारा खरंच उपाशी होता. विश्रांतीत त्यांनी त्याला ठेचा-भाकरी खायला घातली. उत्तरार्धातला त्याचा प्रत्येक निर्णय त्यांना पटला. पाणी पिऊन पिऊन त्याला शिट्टी मात्र नीट वाजवता येईना.

सामने त्या पुरुषांचेही बघायच्या, पण जीव होता तो मुलींच्या सामन्यांत. दर वर्षी उन्हाळ्यात जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या मुलींचा सामना व्हायचा. दुपारी दोनला. पुरुषांचे सामने संध्याकाळी, दिवे लावून, मांडव घालून. त्याआधी मैदान रिकामंच असतं म्हणून मुलींना ती वेळ दिलेली. खान्देशातली उन्हाळ्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. त्या वेळी मैदानावर चौदा मुली, पंच, आणि गोणपाटावर डोक्यावरून ओला टॉवेल घेतलेल्या आत्याबाई. आणि त्यांनी ओढून आणलेला मी.

मग नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या कबड्डी संघटनेनं खेळाच्या भवितव्याचा विचार करायला एक समिती नेमली. टीव्हीवरच्या क्रिकेटमुळे लोक कबड्डीकडे पाठ फिरवताहेत, तेव्हा पुढचं धोरण काय, असा प्रश्न होता. समितीनं बरेच महिने विचार केला आणि शिफारशी वर्तमानपत्रात छापून आल्या. माती काढून मॅट घालावी. सामने बंदिस्त सभागृहात घ्यावेत. तिकीट लावावं. दोन्ही जिल्ह्यांच्या स्पर्धा एकत्र कराव्यात. त्या दिवशी जळगावात दुसरा विषय नव्हता. आमच्या ऑफिसातले एक जुने खेळाडू, ज्यांच्या गुडघ्यावर अजून मातीच्या खुणा होत्या, ते चहाच्या टपरीवर म्हणाले, मॅटवर खेळायचं तर घरी गादीवरच खेळा. स्पर्धेला दर वर्षी ढाली देणारे कापडवाले मारवाडी शेठ तिकिटाच्या बाजूनं होते. त्यांचं म्हणणं, फुकट मिळालेल्या कापडाला कोणी इस्त्री करत नाही. एकत्र स्पर्धेचं ठिकाण धुळं असावं की जळगाव यावरून तर दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांकडे जाणं बंद केलं. या सगळ्या गदारोळात सर्वांत खालची ओळ कोणी वाचलीच नाही. प्रेक्षकांचा प्रतिसाद नसल्यानं महिला गटाचा सामना तूर्त बंद करावा, अशी ती ओळ होती.

मी तो अंक घेऊन धुळ्याला गेलो. कोणीतरी परक्यानं सांगण्यापेक्षा घरच्यानं सांगितलेलं बरं, असं बायकोचं मत पडलं. आत्याबाई गिरणीवर होत्या, केसांवर, भुवयांवर पीठ. मी ओरडून ओरडून सगळं वाचून दाखवलं. मॅटवर त्या काही बोलल्या नाहीत, तिकिटावर काही बोलल्या नाहीत. शेवटची ओळ वाचली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि गिरणी बंद केली. पट्टा फडफडत फडफडत थांबला. मला वाटलं, आता या धुळ्यापासून जळगावपर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार. पण त्यांनी हळूच विचारलं, की प्रतिसाद नाही म्हणजे काय? मी म्हणालो, म्हणजे बघायला कोणी येत नाही.

त्यांनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

‘मंग मी कोन शे?’

गिऱ्हाइकं डबे घेऊन दारात उभी होती, पण त्या दिवशी गिरणी पुन्हा सुरू झाली नाही.

पंधरवड्यानं संघटनेनं लोकांच्या सूचना ऐकायला जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. आत्याबाई सकाळच्या एस.टी.नं आल्या, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून. हॉलमध्ये सगळे पुरुष. माती की मॅट यावर इतकी भाषणं झाली की अध्यक्षांना दोनदा डुलकी लागली. हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, स्वभावानं गरीब, सगळे त्यांना नाना म्हणत. शेवटी त्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या आत्याबाईंकडे गेलं आणि त्यांनी आदरानं विचारलं, की अक्का, तुम्हाला काही सांगायचंय का? मी खुर्चीची कड धरून बसलो. आत्याबाई उठल्या. आणि चारचौघांत पहिल्यांदा मी त्यांचा लहान आवाज ऐकला. मागच्या लोकांना ऐकू जाईना म्हणून ते पुढे येऊन उभे राहिले.

‘नाना, दुपारना उन्हमा कोन येई?’ त्या म्हणाल्या. ‘एक डाव पोरीस्ले सांजले खेयू द्या. मैदान मी भरस.’

नानांनी समितीच्या लोकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, संध्याकाळी पुरुषांचा अंतिम सामना असतो, लोक चिडतील. दुसरा म्हणाला, मैदान भरलं नाही तर? आत्याबाई म्हणाल्या, मग बंद करा, मी पुन्हा इथे यायची नाही. तेव्हा ठरलं असं, की एक वर्ष सामना संध्याकाळी घ्यायचा आणि मैदान रिकामं दिसलं तर विषय कायमचा संपवायचा. घरी येताना आम्ही रिक्षा केली. मेहरूण तलावाशी आल्यावर मला म्हणाल्या, की जवाईबापू, मी बोलून तर बसले, पण माझ्या ओळखीच्या एकाही बाईला कबड्डी आवडत नाही.

पुढचे दोन महिने आमच्या दोन्ही घरांत जे झालं त्याला मोहीम म्हणतात. धुळ्यात जी बाई सामन्याला येईन म्हणेल तिचं दळण आधी, जी नाही म्हणेल तिचं सगळ्यांत शेवटी, आणि जी ‘बघू’ म्हणेल तिच्या गव्हात बाजरीचं पीठ थोडं मिसळलं जाई, असं लोक म्हणत. जळगावची बाजू माझ्या बायकोकडे होती. ती भिशीत बोलली, हळदीकुंकवात बोलली. आमच्या शेजारच्या नर्सबाईंनी आपल्या बुद्धविहारातल्या सगळ्या बायकांना तयार केलं. शेठजींच्या घरच्या बायका कधी मैदानावर गेल्या नव्हत्या, त्याही हो म्हणाल्या. ढाली आमच्याच घरातून जातात तर कुठे जातात ते बघावं, असं शेठाणी म्हणाल्याचं कळलं. मी ऑफिसात प्रत्येकाला, येताना मंडळींना घेऊन या, असं इतक्यांदा सांगितलं की साहेबांनी मला बोलावून, घरी काही कार्य आहे का, ते विचारलं.

त्या संध्याकाळी मैदान भरलं. धुळ्याहून दोन ट्रक आले. बायका सतरंज्या, डबे, तान्ही पोरं आणि शेंगा घेऊन आल्या आणि चुन्याच्या रेषेपर्यंत बसल्या. मागे पुरुष उभे. मुली मैदानात आल्या आणि ती गर्दी बघून जागच्या जागी थबकल्या. धुळ्याची कप्तान तर नाणेफेक करायची विसरली. पण खरी पंचाईत पुढे झाली. आलेल्या बायकांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाद झालेली मुलगी बाहेर बसायला आली की त्या टाळ्या वाजवत, कारण ती जवळून दिसे. पकड झाली की ‘अगं, सोडा तिला’ म्हणून ओरडत. तेव्हा आत्याबाई गोणपाट सोडून उठल्या. मैदानाकडे पाठ करून बायकांसमोर उभ्या राहिल्या आणि समजावून सांगायला लागल्या. ही मधली रेषा, हा दम, आणि सगळा संघ बाद झाला की हा लोण. एका घोळक्याला सांगून झालं की दुसऱ्याकडे. हळूहळू टाळ्या बरोबर जागी पडायला लागल्या. शेवटच्या पाच मिनिटांत तर असा गलका झाला की पंचांची शिट्टी ऐकू येईना. जळगाव एका गुणानं जिंकलं. नानांनी स्टेजवरूनच जाहीर केलं, की सामना बंद व्हायचा नाही, आणि संध्याकाळीच होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंना धुळ्याच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. त्यांचा आवाज पार बसला होता. फलाटावरच्या बाकड्यावर आम्ही चहा घेतला. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कुजबुजत म्हणाल्या, की सामना कसा झाला ते सांगा. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की सबंध सामनाभर बाईंची पाठ मैदानाकडे होती. आयुष्यभर रिकाम्या मैदानावरचे सामने पाहिले त्यांनी, आणि जो भरला तो एवढा एकच पाहायचा राहून गेला.

मी सांगायला लागलो. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मला सगळं आठवतंय. कोणत्या मुलीनं पहिला गडी मारला, जळगाववर लोण कसा बसला, तो कसा फेडला, शेवटच्या चढाईला धुळ्याची कप्तान रेषेपासून वीतभर अंतरावर कशी धरली गेली. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. स्वतःच्या घोट्याजवळ गेलेला त्यांचा हात मध्येच आवळला जाई. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

‘कोनी रडनी का?’

मी म्हणालो, हो. धुळ्याची कप्तान रडली. मैदानातच बसून राहिली, मग बायकांनी तिला उठवलं.

‘बरं झायं,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘इतला वरीस हारी ग्यात तरी कोनी रडे नही. देखनारं कोनी व्हई तवय रडू येस.’

गाडी लागली. मी पिशवी आत ठेवली, त्यांनी खिडकीतून हात केला.

त्यानंतर काही वर्षं त्या येत राहिल्या. मग गुडघे गेले, गिरणी पुतण्यानं घेतली, माती जाऊन मॅट आली. मॅटबद्दल त्यांना विचारलं तर म्हणायच्या, पोरींचे कोपर सोलवटत नाहीत ना, मग चांगली आहे. सामना झाला की मी शेजाऱ्यांच्या घरून त्यांना फोन करायचो. कोण जिंकलं हे त्यांनी कधी आधी विचारलं नाही. हरलेल्या पोरी कुठे उतरल्या आहेत, जेवल्या का, हे विचारायच्या, आणि ते मला माहीत नसलं तर फोन ठेवून द्यायच्या. म्हणून मी फोन करण्याआधी त्या पोरींच्या मुक्कामाच्या शाळेत जाऊन यायला लागलो. आता धुळ्यात फोन घ्यायला कोणी नाही. सामना संपल्यावर मी त्या शाळेवर तरीही जातो. मुली गप्प गप्प जेवत असतात. एखादी विचारते, काका, तुम्ही कोणाचे? मी सांगतो, मी बघायला आलो होतो.