हातातल्या मुंग्या

माझ्या बाबांना मुंग्या चावल्या, असं कारखान्याच्या लेटरहेडवर लिहिलेलं आहे.

खाली सही आहे, शिक्का आहे. कागद माझ्याकडे आहे.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. हार्ट अटॅकने गेले. मुंग्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण मुंग्यांची गोष्ट सांगायची आहे. त्यात चूक माझी होती, आणि हे आमच्या वस्तीत, कॅम्प-1 मध्ये, कोणालाच माहीत नाही.

बाबा दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात ग्राइंडर चालवायचे. साच्यातून निघालेल्या लोखंडी पार्टच्या कडा घासून साफ करायच्या, आठ तास. मशीन थरथरते, ती धरलेले हातही थरथरतात. एकोणीस वर्षं.

आधी बोटं बधिर झाली. मग थंडीत पांढरी पडायला लागली. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसायचे.

कोणीतरी सांगितलं, कामामुळे हात गेला असं सिद्ध झालं तर कंपेन्सेशन मिळते, हलकं कामही मिळू शकते. बाबांना इंटरेस्ट त्या हलक्या कामात.

"ते मशीन सुटली पायजे, बस," म्हणायचे.

अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला, हिंदीत. पेन बोटांत टिकत नव्हतं, तरी दीड पान लिहिलं.

मी तेव्हा बी.कॉम.ला. हिंदी मीडियम. घरातली हिंदीची पंडित मीच.

"पोरी, वाचून पाह्य बरं. कुठी चुकलो तं नाई?"

मी फोनवर रील पाहून राहिले होते. "हाव, बरोबर आहे."

"वाचलं का पण?"

"वाचलं न बाबा! कितीदा सांगू?"

वाचलं नव्हतं.

बाबांनी लिहिलं होतं, मशीन चलाने से मेरे दोनों हाथों में चींटियाँ आती हैं।

आपल्या मराठीत हाताला मुंग्या येतात. हिंदीत झुनझुनी होते. हिंदीत चींटी आली म्हणजे चींटीच आली, सहा पायांची.

महिन्याभराने लेटरहेडवर उत्तर आलं. आवेदक को चींटियों ने काटा, ऐसी शिकायत मिली। परिसर में कीटनाशक का छिड़काव नियमित होता है। आवेदक टिफिन में मीठा न लाएँ।

बाप्पा! कारखान्याच्या अख्ख्या शॉपमध्ये हशा. त्या दिवसापासून बाबांचं नाव 'चींटी भैया' पडलं.

आई भडकली. "असं भैताडासारखं लिहिलं कावून? पोरगी तं घरातच होती न!"

"तिले कावून बोलते? म्या तिले दाखवलंच नाई."

मी तिथेच उभी होते.

दुसरा अर्ज करा म्हटलं तर ऐकेनात. "आता लिहिलं तं म्हणतीन, याच्या हातात झुरळं निघाले." वरून हसायचे, पण शॉपमधल्या लोकांच्या त्या हसण्याची त्यांना फार लाज वाटली होती.

दोन वर्षं आणखी त्याच मशीनवर गेली.

मग एक दिवस शर्टाची बटणं लावता येईनात. आई लावून द्यायची, तेव्हा ते भिंतीकडे पाहायचे. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, तपासण्या केल्या. म्हणाले, "मशीन के कंपन से नसें खराब हुई हैं। दो साल पहले काम बदल जाता, तो हाथ काफी बच जाते।"

दोन वर्षं. मला तिथेच रडू फुटलं.

बाबा डॉक्टरांना म्हणाले, "बच्ची है साहब, अस्पताल से डरती है।"

मी वीस वर्षांची होते.

या वेळी अर्ज मी लिहिला. दुर्गला कामगार ऑफिसात सुनावणी झाली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, दुर्घटना की तारीख.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "किस तारीख को हुआ?"

बाबांनी खरंच विचार केला. आठवून पाहिलं.

"साहब, रोज हुआ।"

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं.

बऱ्याच चकरा झाल्या. शेवटी आदेश आला. हातांचं हे दुखणं कामामुळेच झालं, असं त्यात साफ लिहिलं होतं. भरपाई मिळाली. मशीनही सुटली. हात मात्र होते तसेच राहिले.

आदेश मी बाबांना वाचून दाखवला. खाटेवर बसून ऐकून राहिले होते.

"मुंग्या तं नाई न कुठी?"

"नाही बाबा. झुनझुनी लिहिलं आहे."

"वाचून सांगून राहिली न? का मांगच्यासारखं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "जाय, चहा मांड."

नंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. आईजवळही नाही.

आई, तू हे वाचशील. त्यांनी तो अर्ज मला दाखवला होता. दोनदा विचारलं होतं.

बाबा, ही पोस्ट टाकायच्या आधी तीनदा वाचली.

खरंच वाचली.

नमस्कार करते.