ड्रोनचे पंखे आणि सोनिवलीचा ओहोळ

आमच्या घरात ड्रोन आला तो माझ्या नवऱ्याच्या हौसेने. पुतणीच्या लग्नाचं शूटिंग घरच्या घरी करू म्हणून त्यांनी तो घेतला, लग्नात दोनदा उडवला आणि गुजरातेत बदली झाली तेव्हा कपाटावर टाकून गेले. एका रविवारी जळमटं काढताना तो माझ्या हाताला लागला. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी करते. सूचना वाचून यंत्र चालवायचं हे माझं रोजचंच काम, म्हणून म्हटलं बघू तरी. अंगणातून तो वर गेला, फोनच्या स्क्रीनवर आमचं घर बोटाच्या पेराएवढं झालं आणि बॅटरी संपेपर्यंत मी त्याला खाली आणलंच नाही. त्या दिवसापासून हौस माझी झाली.

घरात आता मी आणि सासरे, दोघंच. मी त्यांना बाबाच म्हणते. सोनिवलीत पूर्वी त्यांची चांगली भातशेती होती. आता चहूबाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्यात आणि घरामागे एक लांबट तुकडा तेवढा उरलाय. बाबा रोज सकाळी त्याच्या बांधावरून फिरून येतात आणि चहाला बसले की ओहोळाचं बोलणं काढतात.

"हितून जायचा. ह्या आंब्याच्या मागून वळायचा, मंग ती बिल्डिंग हाय ना, तिच्या अंगानं, आन् पार उल्हास नदीला."

मी लग्न होऊन आले तेव्हा ओहोळ नव्हता. रस्ता झाला तेव्हा माती टाकून तो बुजवला म्हणतात. आंब्यामागे मला दिसायचं ते सपाट गवत. गावातल्या इतरांना विचारलं तर कोणी म्हणायचं तो पलीकडे होता, कोणी म्हणायचं ओहोळ कसला, पावसाळी चर होता. बाबांच्या वयाचं आता फार कोणी उरलेलं नाही. मागच्या दिवाळीनंतर एकदा बशीतला चहा फुंकता फुंकता ते मध्येच थांबले.

"पोरी, माझंच तर काय चुकत नसंल?"

"असं का म्हणता बाबा?"

"तुझ्या सासूला सगळं ठाव होतं. आता इचारायचं कुनाला?"

नंतर मनात आलं, वरून बघितलं तर? निदान एखादा खळगा, एखादा उतार दिसेल. पण त्याच आठवड्यात माझा ड्रोन शेवग्यात शिरला आणि खाली आला तो पंखे मोडूनच. मी ऑनलाइन चार पंखे मागवले, बसवले, उडवला. उडाला, पण आवाज असा की कोणी स्टीलच्या डब्यात खडे हलवतंय. आणि चित्र बघवेना. घरं, झाडं, बांध, सगळं थरथरत होतं, जसं हंड्यातल्या पाण्यात बघतोय आणि कोणीतरी हंड्याला धक्का देतंय.

सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरला गेले. मोबाइल दुरुस्तीच्या गल्लीत एका सिंधी काकांचं दुकान आहे, रिमोटच्या गाड्या आणि ड्रोनचे सुटे भाग ठेवतात. त्यांनी आधी माझा मोडका पंखा मागितला, मग मी घरी बसवलेला, आणि दोन्ही एकावर एक ठेवले.

"लंबाई सेम है मॅडम. पण पीळ बघा."

मी बघितलं. लांबी अगदी सारखी, पण नव्या पंख्याची पाती जास्त पिळलेली होती.

"ये हवा जास्त कापतो. आपका मोटर छोटा आहे, त्याला जड जातंय. थरथरणार, गरम पण होणार."

मग त्यांनी मूळच्या पिळाचे चार काढले. दोन एका दिशेने फिरणारे, दोन उलट्या दिशेने, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. मला खरं तर शेजारचे तीन पात्यांचे मोरपंखी रंगाचे आवडले होते. काकांनी ते उचलून परत खोक्यात टाकले.

"ते दिसायला छान. बॅलन्स करायला दोन पातीच बरी."

"नवीन पंखे पण बॅलन्स करावे लागतात?"

"स्कूटर का नया टायर भी करते है ना मॅडम?" ते म्हणाले आणि पंख्याच्या मधल्या भोकात घट्ट बसेल अशी स्टीलची बारीक काडी त्यांनी पुडीत बांधून दिली. पंखा काडीवर ओवायचा, काडी दोन धारदार कडांवर आडवी ठेवायची आणि बघायचं कुठलं पातं खाली जातं. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते पंखे लॅबमधल्या काट्यावर ठेवले. तो काटा काचेच्या पेटीत असतो, दार उघडं राहिलं तर वाऱ्यानेसुद्धा आकडा बदलतो. चारही पंख्यांचं वजन जवळजवळ सारखं निघालं. मी निर्धास्त झाले. म्हटलं, काका उगाच घाबरवतात.

घरी आल्यावर दोन बटाटे अर्धे कापून टेबलावर पालथे घातले. दोन्हींच्या पाठीत बाबांच्या दाढीचं एकेक ब्लेड खोचलं, धार वर करून. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. ब्लेडच्या धारांवर काडी ठेवली, पात्यांची रेघ टेबलाला समांतर केली आणि हात सोडला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एक पातं अगदी सावकाश खाली जाऊ लागलं. पेंगणाऱ्या माणसाची मान कलते तसं. दुसरा पंखा ठेवला, तोही कलला. चौथा तर भरकन फिरून उभाच राहिला.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं वजनं करण्यात गेली माझी. त्या काचेच्या पेटीतल्या काट्याने पंखा किती जड ते सांगितलं होतं, पण ते जडपण कुठल्या बाजूला बसलंय हे त्याला कळलं नव्हतं. ते कळलं दोन बटाट्यांना.

बाबा खुर्ची ओढून समोर येऊन बसले. "काय चाललंय?"

"ज्या पात्याला वजन कमी आहे त्याला टेपचा तुकडा लावायचा. मग दोन्ही सारखी होतील."

मी पारदर्शक टेपचा नखाच्या कोरीएवढा तुकडा कापला आणि हलक्या पात्यावर मधल्या भोकाजवळ लावला. फारसा फरक नाही. तोच तुकडा उचलून पात्याच्या टोकाकडे सरकवला, तर आता तेच पातं खाली जाऊ लागलं. तुकडा तोच, काडीभरही वाढवला नव्हता. मी तो केसभर आत घेतला. बाबा पुढे वाकून बघत होते आणि पंखा डुलायला लागला.

"बाबा, श्वास."

"घेऊ का नको?"

"घ्या, पण तिकडे सोडा."

त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. मी पुन्हा हात सोडला. पंखा आडवा राहिला. मी त्याला बोटाने तिरका केला, तो तिरका राहिला. उभा केला, उभा. उलटा केला, उलटा. आता त्याला कुठेच ओढ नव्हती. एवढासा प्लास्टिकचा तुकडा दोन धारांवर निवांत टेकला होता. एखादी वस्तू इतकी शांत असू शकते हे मी कधी पाहिलं नव्हतं.

बाबा उपरण्यामागून हळूच म्हणाले, "आता ह्याला खाली-वर काय कळतच नाय."

चौथ्या पंख्याने मात्र छळलं. टेप लावून भागेना, शेवटी जड पात्याच्या पाठीवर बारीक पॉलिशपेपर फिरवला. एकदा जास्त घासला गेला आणि दुसरी बाजू घासावी लागली. बाबा कंटाळून उठतील असं वाटत होतं, ते उठले नाहीत.

रविवारी सकाळी ऊन अंगणात आल्यावर आम्ही ड्रोन बाहेर काढला. संक्रांत होऊन गेली होती, गवत वाळून पिवळं पडलं होतं. आवाजातच फरक कळला. आधीचा खडखडाट गेला होता, तंबोऱ्याची एकच तार छेडत राहावी तसा एकच सूर येत होता. आणि स्क्रीनवरचं चित्र भिंतीवरच्या फोटोसारखं स्थिर. आंब्याचं एकेक डहाळं मोजता आलं असतं.

मी अजून वर नेला. तेव्हा ती दिसली.

आमच्या पिवळ्या तुकड्यात एक हिरवी पट्टी होती. सरळ नव्हती, बांधाला धरूनही नव्हती. आंब्याच्या मागून ती वळत होती आणि सोसायटीच्या कंपाउंडकडे जात होती. भिंतीपाशी ती थांबली नाही. पलीकडे सोसायटीचं मोकळं पटांगण आहे, तिथल्या वाळक्या गवतातही तीच पट्टी, तेवढ्याच रुंदीची, पुढे चालली होती. मग सिमेंटचा रस्ता आला, तिथे तुटली. रस्त्यापलीकडे पुन्हा सुरू झाली, उंबरांच्या रांगेत शिरली आणि लांबवर, जिथे उन्हात नदी चकाकत होती, तिकडे निघून गेली.

पावसाळा उलटून इतके महिने झाले होते. बाकीचं गवत वाळलं तरी त्या जुन्या पात्रातल्या मातीत अजून ओल होती, आणि ओल होती तेवढ्याच वाटेवर गवत हिरवं होतं. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त फोन बाबांपुढे धरला.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"हे आत्ताचं हाय?"

"आत्ताचं, बाबा. याच क्षणाचं."

"कशावरनं?"

"हात वर करा."

त्यांनी उजवा हात वर केला. स्क्रीनवर, आमच्या अंगणात, मुंगीएवढ्या पांढऱ्या सदऱ्याने हात वर केला. बाबांनी हात खाली घेतला, त्यानेही घेतला. मग त्यांनी बोट स्क्रीनजवळ आणलं, काचेला न शिवता त्या हिरव्या वळणावर धरलं.

"ह्या वळशाला खडक होता. हितं तुझी सासू कपडे धुवायची. आन् हितं खाली मी बैलं घालायचो पान्यात." बोट पुढे सरकलं. "ह्या उंबराखाली चिंबोऱ्या, ह्ये एवढाले खेकडे. पावसात हात घातला की दोन तरी निघायच्याच."

मी सासूबाईंना पाहिलं ते दुखण्याने अंथरुणाला खिळलेलं. खडकावर बसून कपडे आपटणारी बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटली.

बॅटरी संपत आली तसा मी ड्रोन उतरवला. बाबा तोवर चपला घालून बांधावर पोचलेसुद्धा होते. "चल, जाऊन बगू."

गंमत म्हणजे जमिनीवरून काही दिसत नव्हतं. ज्या पट्टीवर आम्ही उभे होतो ती पायाखाली आल्यावर नुसतं गवत झाली होती, थोडं हिरवं, थोडं पिवळं. मी फोनमधला फोटो बघून वाट सांगत होते आणि बाबा माझ्या सांगण्याआधीच वळत होते. एका ठिकाणी त्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या. बाजूची माती तापली होती, तिथली गार लागली.

सोसायटीच्या वॉचमनने आम्हाला पटांगणातून जाऊ दिलं, कशाला चाललोय ते ऐकून तोही गेटवरून थोडं अंतर आमच्यासोबत आला. रस्ता ओलांडून आम्ही उंबरांपाशी उतरलो. रस्त्याच्या भरावाखाली एक जुना सिमेंटचा पाइप होता, तोंडाशी गवत माजलेलं. बाबा वाकले, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं.

पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. स्वच्छ. खाली ओंजळभर डबकं साचलं होतं आणि त्यातून पाणी दगडांमधून वाट काढत खाली चाललं होतं, कोणाला न दिसता.

बाबांनी धारेखाली हात धरला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, सदऱ्याची बाही भिजली तरी त्यांनी हात काढला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझाही हात पुढे केला. पाणी माठातल्यासारखं गार होतं.

परत येताना ते सबंध वाट बोलत होते. कुठे ओलांडायला साकव होता, कुठे मासे अडवायला भोकशी लावायचे, कोणाची म्हैस पुरात वाहून नदीपर्यंत जाऊन जिवंत निघाली. घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि भात टाकायचा राहिलाय हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.